सगळ्या चौक्यांचा हवालदार

सुधाकर,

आधी एक सांगून टाकते. मी तुझ्यावर रागावलेली आहे. गेलास म्हणून नाही; दम्याने इतका पोखरलेला माणूस कधी ना कधी जाणार, हे मला काय कळत नव्हतं? राग ह्याचा आहे की आपलं चाळीस वर्षांचं भांडण तू अर्ध्यावर टाकलंस, आणि तेसुद्धा माझं बोलून व्हायचं असताना.

म्हणून आज लिहायला बसलेय. काल तुझी शोकसभा झाली, आपल्या नाट्यमंडळाच्या हॉलमध्ये. तिथे काय झालं ते तुला दुसरं कुणी नीट सांगणार नाही. वहिनी सांगायला लागल्या तर मध्येच रडतील, आणि मोकाशी सांगेल त्यात मोकाशीच जास्त असेल.

सुरुवात फ्लेक्सपासून करते. कल्याण स्टेशनजवळच्या चौकात मंडळाने तुझा फ्लेक्स लावला, रिक्षास्टँडच्या डोक्यावर. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली शोकाकुल म्हणून अर्धा डझन चेहरे, प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाचं पद. तुझं नाव त्या सगळ्यांपेक्षा बारीक. आणि मधोमध तू. डोक्यावर टोपी, अंगात खाकी, छातीवर नावाची पट्टी, तीही दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाची. हवालदार! मी रिक्षातून उतरले आणि तिथेच उभी राहिले. दोन रिक्षावाले वर बघून बोलत होते, "पोलीसवाला होता वाटतं. चांगला माणूस दिसतोय." दुसरा म्हणाला, "ह्यांनी मला एकदा पकडलेलं, शंभर टक्के."

मी तिथूनच मोकाशीला फोन लावला. मोकाशी म्हणजे आपला सेक्रेटरी, तुला सांगायला नको, पण त्याला जरा ओरडल्याशिवाय मला त्याचं नाव घेता येत नाही. "अरे, तो हवालदार नव्हता!" म्हटलं.

"कुंदाताई, मला माहीत नाही का? पण दुसरा फोटोच नाही हो. वहिनींचा अख्खा मोबाइल बघितला. एकात डॉक्टर, एकात भटजी, एकात गुरखा. त्यातल्या त्यात हा बरा दिसला."

"आधार कार्ड?"

"त्यात केस पांढरे केलेत. शूटिंगवरून थेट गेले होते म्हणे."

हसू आलं रे मला, भर चौकात. आणि त्याच्या पाठोपाठ रडू. कारण हेच, अगदी हेच मी तुला सांगितलेलं. घोडबंदरला, त्या बंगल्यात.

लोकांना बंगला म्हटला की एक घर आठवतं. आपल्याला आठवतो तो एकच बंगला, ज्यात आज एका सीरियलमधलं देशमुखांचं घर असायचं आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या सीरियलमधलं इनामदारांचं. त्याच सोफ्यावर आपण दोघं किती वेळा मुलीचे आईबाप होऊन बसलो असू! पडद्यावर आपली लग्नं इतक्या वेळा झाली की वहिनी मला सवत म्हणायच्या आणि डबा दोघांचा द्यायच्या. तू शहाडच्या कारखान्यात पाळी करणारा, मी डोंबिवलीत नगरपालिकेच्या शाळेत तिसरीला शिकवणारी. रजा टाकायची, जायचं, दोन वाक्यं बोलायची, यायचं. "साहेब, गाडी लावू का?" "पेशंटची तब्येत नाजूक आहे." "ऑर्डर, ऑर्डर." सिनेमे, सीरियली, जाहिराती, किती झाल्या ते तुलाही सांगता यायचं नाही. मराठीत, हिंदीत, एकदा तर भोजपुरीत. कुठेच तुझं नाव नाही.

तर त्या दिवशी असिस्टंट पोरगी आली, हातात पॅड. चांगली होती. म्हणाली, ह्या वेळी टायटलमध्ये सगळ्यांची नावं टाकतोय, काकांचं नाव नीट लिहून द्या. तिच्या मागे मी आठवडाभर लागले होते, तेव्हा कुठे ते जमलं होतं. आणि तू काय केलंस? म्हणालास, "माझं राहू दे, त्या मेकअपवाल्याचं टाका, तो पहाटेपासून उभा आहे."

मी तुला बागेत ओढत नेलं. "मेल्या, एकदा तर नाव येऊ दे!"

"कुंदा, नाव आलं की लोक मला बघतील. हवालदाराला कोण बघणार मग?"

"आणि उद्या तू गेलास म्हणजे? कोण गेलं हे तरी कळेल का कुणाला?"

तू हसलास. "हवालदार गेला म्हणतील. बरंच आहे की."

त्यानंतर तीन महिने मी तुझ्याशी बोलले नाही. सेटवर तुझी बायको होऊन तुला चहा आणून द्यायचे आणि कट म्हटलं की तोंड फिरवून बसायचे. आणि परवा त्या चौकात, बघ, माझंच खरं झालं. शब्दन् शब्द. हवालदार गेला, असंच समजले; कोण गेलं ते कुणाला कळलं नाही. पण जिंकल्याचा आनंद कुणाला दाखवू? तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला ह्यातलं काही ठाऊक नाही.

हे खूळ तुझ्या डोक्यात कुणी घातलं तेही मला माहीत आहे. मामाने.

आठवतंय ना, आपण मंडळात नवीन होतो तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी एक रिटायर मास्तर जुने अमेरिकन मुके सिनेमे दाखवायचे. भिंतीला चादर, खडखडणारं मशीन, रीळ मध्येच तुटायचं आणि मास्तर चिकटपट्टी लावेपर्यंत आपण शेंगदाणे खायचो. सगळे हसायचे ते पडणाऱ्या-धडपडणाऱ्या हिरोला. तू मात्र मागे बघायचास. "कुंदा, तो बघ. तो मागचा." जाडसर, मिशाळ, थोडा पोक काढून चालणारा. ह्या सिनेमात शिपाई. पुढच्या रविवारी हॉटेलातला वेटर. त्याच्या पुढच्या रविवारी पाद्री, मग न्यायाधीश, मग घोडागाडीवाला. हिरो लाथ मारणार म्हणजे ती खाणारा हाच. तू त्याचं नाव मामा ठेवलंस, कारण तुझे मुरबाडचे मामा असेच चालायचे. मग आम्हा सगळ्यांनाच सवय लागली. चादरीवर तो दिसला की अख्खा हॉल ओरडायचा, "मामा आला!" मास्तरांना कळेना, हिरो तर अजून यायचाय, ही पोरं कुणाला टाळ्या देतायत.

मास्तरांना तू नाव विचारलंस. त्यांनी डब्यावरचा कागद वाचला, पहिलं रीळ परत लावलं. सुरुवातीच्या पाट्यांवर हिरो-हिरॉइनचीच नावं होती, त्याचं नव्हतं. कुठल्याच सिनेमाच्या नाही.

मला तेव्हा वाईट वाटलं होतं. तू खूश! घरी जाताना रस्त्यात मला मामाच्या चाली करून दाखवल्यास. "हा शिपाई. टाचेवर जोर. हा वेटर. चवड्यावर. हा पाद्री, ह्याला बूट चावतोय. चेहरा एकच आहे, कुंदा, मिशीसुद्धा काढत नाही तो. पण पाय बघ." मी पाय बघितले, आणि त्या दिवसापासून मला कुठलाही सिनेमा नुसता बघता आला नाही. हे तुझं देणं आहे. हे मी कधी तोंडाने कबूल केलं नाही, कारण तू डोक्यावर चढला असतास.

तुझी ती पिशवी! त्यात कपडे नसायचे, पादत्राणं असायची. हवालदाराचे बूट, डॉक्टरचे काळे बूट, शेतकऱ्याच्या वहाणा, आणि एक अंगठा तुटलेली चप्पल, ती कारकुनासाठी. ड्रेसवाले म्हणायचे, काका, फ्रेम छातीपर्यंतच आहे, पाय दिसतच नाहीत. तरीही तू बदलायचास. आणि प्रत्येक बिननावाच्या माणसाला नाव द्यायचास. एका हवालदाराचं नाव तू गजानन ठेवलेलंस, त्याला दोन मुली आणि मूळव्याध होती. म्हणून तो आख्ख्या सीनमध्ये खुर्चीवर बसला नाही. डायरेक्टर म्हणाला, काका, बसा ना. तू म्हणालास, "बसवत नाही त्याला." मला हसू आवरेना, रीटेक झाला, आणि शिव्या मी खाल्ल्या.

आता त्या फोटोचं. वहिनींची माफी मागून लिहितेय.

तुला एक काम आलं होतं, मेलेल्या बापाचं. सीन नाही, वाक्य नाही, नुसता फोटो. हिरोच्या दिवाणखान्यात भिंतीवर हार घालून लावायचा. फोटोग्राफरने तुला सांगितलं, काका, मेकअप नको, मिशी नको, काही करू नका, नुसते बसा. तू आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढे काहीही न करता बसलास. फोटो असा सुंदर आला! सीरियल संपल्यावर फ्रेमसकट मागून घेतलास आणि मोठ्या हौसेने शहाडला घरी नेलास. चंदनाचा हार तसाच वर.

वहिनींनी दारातच बघितलं. "जिवंत नवऱ्याच्या फोटोला हार? आणि तो तुम्ही स्वतः उचलून आणलात?" त्या तुला घरातच घेईनात. शेवटी त्यांनी हार ओढून काढला, फोटो माळ्यावर तोंड भिंतीकडे करून ठेवला आणि तुझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या. तू मला दुसऱ्या दिवशी सांगत होतास आणि हसून हसून तुला धाप लागत होती. तोपर्यंत धाप म्हणजे फक्त हसण्याचीच होती.

शेवटची भेट. हे लिहायचं टाळत होते, पण लिहिते.

माझ्या भाचीने मोबाइलवर मामाला शोधून काढलं. मी जुना सिनेमा लावला, ती म्हणाली, मावशी, थांबव, फोटो काढते. अर्ध्या तासात तिने नाव काढलं. नाव, गाव, आणि खाली कामांची यादी. बोट सरकवत गेले, सरकवत गेले, संपेचना. शिपाई, वेटर, शिपाई, न्यायाधीश, गर्दीतला माणूस. बहुतेक ठिकाणी पुढे लिहिलेलं, पाट्यांमध्ये नाव नाही. पण कुणीतरी बसून, एकेक सिनेमा बघून, ते लिहून काढलं होतं रे! कुणीतरी तुझ्यासारखं मागे बघत होतं.

मी तशीच रिक्षाने शहाडला आले. तू खाटेवर उशांना टेकून बसलेलास, नाकाला नळी. मी म्हटलं, "सुधाकर, मामाचं नाव मिळालं."

तू हात वर केलास. "सांगू नको."

"अरे, चाळीस वर्षं शोधतोयस!"

"म्हणूनच. इतकी वर्षं तो माझा मामा आहे. नाव सांगितलंस की कुणीतरी परका साहेब होईल तो." मग दम घेऊन म्हणालास, "मला कळायचं ते त्याच्याकडून कळलं, कुंदा. नावाचं काय करू?"

माझं डोकं फिरलं. तू मामाबद्दल बोलत नव्हतास, स्वतःबद्दल बोलत होतास, आणि मला ते ऐकून घ्यायचं नव्हतं. म्हटलं, "राहा मग असाच, बेनाम." वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. मी घेतला नाही. चप्पल घातली आणि निघाले. मागून तू हाक मारलीस, "चाल बघ हिची! टाचेवर जोर!" मी वळून बघितलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन. "कुंदाताई, हे गेले हो." तू इतक्या वेळा मेलायस माझ्यासमोर, हार्ट अटॅकने, गोळीने, एकदा तर सुनेच्या बोलण्याने. मला वाटलं, आता कुणीतरी कट म्हणेल. आणि आणखी एक सांगते. चाळीस वर्षं तुला मेल्या म्हणत आले, फोन ठेवल्यापासून तो शब्द तोंडातून निघत नाही. परवा भाजीवाल्यावर चिडले तरी निघाला नाही.

बरं, शोकसभा.

हॉल अर्धा भरला. पहिल्या रांगेत दोन खरे पोलीस येऊन बसले होते, युनिफॉर्ममध्ये. फ्लेक्स बघून आलेले. रिटायर हवालदार गेला, आपल्यातलं कुणी दिसायला हवं म्हणून. त्यातल्या तरुणाने मला हळूच विचारलं, "काकू, साहेब कोणत्या चौकीला होते?"

"सगळ्या," म्हटलं मी. त्याने मान डोलावली, तुझी बदली फार व्हायची असं समजून.

मग मोकाशी उभा राहिला. माइक धरला आणि सुरू. मोठी भूमिका मिळाली नाही, नशिबाने साथ दिली नाही, तरी समाधानी राहिले, छोट्या छोट्या कामांत आनंद मानला, बिचारे. हा 'बिचारे' शब्द तो तीनदा म्हणाला. वहिनी मान खाली घालून बसलेल्या, मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी घट्ट धरून. मला कळलं ते काय आहे. त्या ते माळ्यावरून काढून आणतील असं मला वाटलं नव्हतं.

वहिनींनी विचारलं, अगदी हळू, "ह्यांचा फोटो हॉलमध्ये लावता येईल का?" तुला ती भिंत माहीतच आहे, मंडळाच्या नटांची रांग. मोकाशी म्हणाला, "वहिनी, नियम आहे हो. मुख्य भूमिका केलेल्यांचेच लावतो. तरी कार्यकारिणीत विषय ठेवू."

मग मात्र मी उठले. माइक घेतला नाही, शाळेतला आवाज आहे माझा. म्हटलं, "हात वर करा. पावसात म्हातारीला छत्री देऊन स्वतः भिजत गेलेला हवालदार कुणाला आठवतो?" सीरियलचं नाव सांगायची गरज पडली नाही. निम्मे हात वर. "चष्मा पुसता पुसता वाईट बातमी सांगणारा डॉक्टर?" आणखी हात. "मुलीच्या सासरी जेवायला बसल्यावर अर्धी पोळी परत ठेवणारा बाप?" बायकांचे सगळे हात वर. "कोर्टात डुलकी घेणारा जज?" मोकाशीचा हात वर! त्याच्या लक्षातही आलं नाही.

"हे सगळे एकच माणूस होते," मी म्हटलं. "तुम्ही त्याला बघितलंत, लक्षात ठेवलंत, आणि ओळखलं नाहीत. हे त्याचं काम होतं. त्याने ते चोख केलं. बिचारे असलोच तर आपण आहोत. त्याला बिचारा म्हणायचं नाही. माझ्यासमोर तर नाहीच."

मी वॉचमनला म्हटलं, स्टूल आण, हातोडी आण, एक खिळा आण. मोकाशी म्हणाला, "कुंदाताई, कार्यकारिणी..." मी म्हटलं, "तू हात वर केलास, मोकाशी. झालं मतदान."

वहिनींनी लुगडं सोडलं. तोच फोटो. बिनमिशीचा, बिनटोपीचा, काहीही न करता बसलेला तू. सगळ्या आयुष्यात तुझा तुझ्यासारखा हा एकच फोटो, आणि तोही मेलेल्या माणसाच्या कामासाठी काढलेला. कुणीतरी पिशवीतून झेंडूचा हार काढला. वहिनी म्हणाल्या, "हार नको. एकदा घालून झालाय." इतक्या खणखणीत बोलल्या, की सगळे मागे सरकले.

मी स्टुलावर चढले. माझे गुडघे तुला माहीत आहेत. तो तरुण पोलीस धावत आला आणि त्याने स्टूल धरलं. "काकू, सावकाश." दुसऱ्याने बाजूला उभं राहून, हात उंच करून खिळा ठोकला. एका खऱ्या हवालदाराने तुझ्यासाठी खिळा ठोकला, सुधाकर! मग त्या पोराने वर बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला, "हे तर छत्रीवाले." त्याने टाच जुळवली आणि सॅल्यूट केला. आता त्याला ठाऊक होतं की तू पोलीस नव्हतास. तरी केला.

फोटोखाली मी तुझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, फळ्यावर लिहायचे तसं, शेवटच्या बाकावरून दिसेल एवढं. तुला नको होतं, माहीत आहे मला. तू तुझं केलंस, आता मी माझं करणार.

आणि एक कुणालाच सांगितलेलं नाही, तुला सांगते. फोटो वर चढवण्याआधी मी तो उलटा केला आणि मागच्या पुठ्ठ्यावर पेनाने मामाचं नाव लिहिलं. पूर्ण. समोर तू आहेस, मागे मामा आहे, एकाच खिळ्यावर. तू सांगू नको म्हणाला होतास. मी सांगितलं नाही, लिहिलंय. तुझ्या पाठीशी आहे, मान वळवलीस की दिसेल.

चहा न घेता गेले त्याबद्दल माफी मागत नाही. भांडण अजून संपलेलं नाही. ऊठ, आणि ये भांडायला.

तुझी,
कुंदा